कृत्रिम बुद्धिमत्तेची मागणी खरी आहे का आणि नाशिकच्या नोकऱ्यांचे काय होणार? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतील लघुउद्योजक, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकणारे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि कर सल्लागारांच्या कार्यालयांत दिवसभर बिलांच्या नोंदी करणारे कर्मचारी यांच्याकडून कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी (एआय) जे प्रश्न सातत्याने येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. आकडे २०२५ च्या अखेरपर्यंतचे आहेत. जेथे आकड्यांवरून थेट निष्कर्ष निघत नाही, तेथे माझे मत मी मत म्हणूनच मांडले आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेला खरोखर मागणी आहे, की कंपन्यांनी ती फुगवून सांगितली आहे?

या चर्चेत तीन निरनिराळ्या मागण्या एकाच खात्यात मांडल्या जातात, आणि गोंधळाचे मूळ तेथेच आहे. पहिली मागणी वापराची. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसमोर आले आणि आठवड्याला ८० कोटी लोक ते वापरतात, असे ते तयार करणाऱ्या ओपनएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले. कंपनीने स्वतःच सांगितलेला आकडा म्हणून त्यातून काही वजा केले, तरी ही मागणी खोटी म्हणता येत नाही. नाशिकच्या कोणत्याही महाविद्यालयातील प्रकल्प अहवाल चाळून पाहिले, तर तिचा पुरावा पानोपानी सापडतो. दुसरी मागणी पैसे मोजून वापरण्याची, आणि ती पहिलीच्या मानाने बरीच रोड आहे. तिसरी मागणी गुंतवणुकीची, म्हणजे डेटा सेंटर (एआय चालवणाऱ्या असंख्य संगणकांची केंद्रे), चिप आणि वीज यांसाठी मोठ्या कंपन्या करत असलेल्या खर्चाची. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत झळकते ती बहुतेक वेळा ही तिसरी असते. पहिली मागणी खरी आहे, दुसरी वाढत असली तरी अजून अपुरी आहे आणि तिसरी ही दुसरी पुढे येईलच या भरवशावर आजच केलेली खरेदी आहे.

भारतात तर घरोघरी वापर दिसतो. मग दुसरी मागणी अपुरी कशी?

कारण २०२५ मध्ये येथे फार मोठ्या प्रमाणावर एआय फुकट वाटले गेले. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने आपल्या सुमारे ३६ कोटी ग्राहकांना पर्प्लेक्सिटी या एआय शोधसाधनाची सशुल्क सेवा वर्षभर मोफत देऊ केली. ऑक्टोबरमध्ये जिओने गुगलच्या जेमिनी या एआयची १८ महिन्यांची मोफत योजना आणली. आणि ऑगस्टमध्ये महिना ३९९ रुपयांना सुरू केलेली चॅटजीपीटी गो ही सेवा ओपनएआयने ४ नोव्हेंबरपासून भारतात वर्षभरासाठी विनामूल्य केली. जी वस्तू ३९९ रुपयांना विकायला काढली, ती तीन महिन्यांत फुकट द्यावी लागली, यावरून विक्रेत्यालाही ग्राहकाच्या खिशाचा अंदाज आला असावा, असे माझे मत आहे. अर्थात फुकटाची सवय पुढे सशुल्क होऊ शकते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने मोफत डेटा दिला आणि एप्रिल २०१७ पासून पैसे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी ते दिले. फरक इतकाच की मोबाइल डेटाला दुसरा पर्याय नव्हता. एआयच्या बाबतीत एकाने पैसे मागितले की ग्राहकाला दुसऱ्याचे मोफत दार उघडे दिसते.

एआयसाठीच्या चिप विकणाऱ्या एनव्हिडियाची विक्री तर प्रत्यक्ष झालेली आहे. तो मागणीचा पुरावा नाही का?

विक्री झालेली आहे, यात शंका नाही. जानेवारी २०२३ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाचा महसूल सुमारे २७ अब्ज डॉलर होता. पुढच्या वर्षी तो सुमारे ६१ अब्ज झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात १३० अब्जांच्या पुढे गेला. परंतु हा माल घेणाऱ्यांत मोजक्या बड्या कंपन्यांचाच वाटा मोठा आहे. एकट्या मायक्रोसॉफ्टने जून २०२५ पर्यंतच्या आर्थिक वर्षात एआयसाठीच्या डेटा सेंटरांवर सुमारे ८० अब्ज डॉलर खर्च करण्याचे जाहीर केले होते. एकाचा महसूल हा येथे दुसऱ्याचा खर्च आहे आणि तो भरून निघेल एवढे पैसे शेवटच्या ग्राहकाने अजून दिलेले नाहीत. लासलगावात व्यापाऱ्याने पुढचा भाव धरून उन्हाळ कांदा साठवणुकीसाठी घेतला, तर लिलाव खरा असतो आणि शेतकऱ्याच्या हातात पडलेले पैसेही खरे असतात. तो कांदा कोणाच्या ताटात गेला आहे, असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही. शिवाय चिपही साठवून फार काळ टिकत नाही. पाच-सहा वर्षांचे आयुष्य धरून कंपन्या तिचा घसारा मांडतात आणि नवी, अधिक वेगवान पिढी त्याच्या बरीच आधी बाजारात आलेली असते.

त्यातही काही व्यवहार असे आहेत की ते वाचताना जमाखर्च समजणाऱ्या माणसाच्या भुवया उंचावतात. सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने ओपनएआयमध्ये १०० अब्ज डॉलरपर्यंत टप्प्याटप्प्याने गुंतवणूक करण्याचा इरादा जाहीर केला. ओपनएआय त्याच एनव्हिडियाच्या चिप वापरणार. पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये एएमडी या दुसऱ्या चिप कंपनीने ओपनएआयशी करार केला, ज्यात चिप घेण्याच्या बदल्यात ओपनएआयला एएमडीचे १६ कोटी शेअर नाममात्र किमतीला मिळण्याची सोय आहे. विक्रेताच ग्राहकाला भांडवल पुरवत असेल, तर ती विक्री बेकायदा ठरत नाही, पण मागणीचा पुरावा म्हणून तिचे वजन कमी धरावे लागते.

मग हा फुगाच आहे, असे का म्हणू नये?

शेअरच्या भावांपुरते म्हणता येईल. ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनीही ऑगस्ट २०२५ मध्ये गुंतवणूकदार प्रमाणाबाहेर उत्साहात असल्याचे मान्य केले होते. चढलेले भाव किती हळवे आहेत, हे २७ जानेवारी २०२५ रोजी दिसले: डीपसीक या चिनी कंपनीने कमी खर्चात चांगले मॉडेल तयार केल्याच्या बातमीने एनव्हिडियाचे बाजारमूल्य एका दिवसात सुमारे ५८९ अब्ज डॉलरने घटले. परंतु फुगा आणि खरी मागणी एकाच वेळी असू शकतात. मार्च २००० मध्ये अमेरिकेचा नॅस्डॅक निर्देशांक ५,००० च्या पुढे गेला, ऑक्टोबर २००२ पर्यंत तो सुमारे ७८ टक्क्यांनी कोसळला आणि जुनी पातळी गाठायला त्याला २०१५ साल उजाडले. इंटरनेटची मागणी या पंधरा वर्षांत एकदाही खोटी नव्हती.

फुगा फुटला, तर निदान नोकऱ्यांवरचे संकट टळेल ना?

मला तसे वाटत नाही, उलट होण्याची शक्यता अधिक आहे. २००० च्या पडझडीत दूरसंचार कंपन्या बुडाल्या, पण त्यांनी समुद्राखालून टाकलेल्या फायबरच्या तारा जागेवरच राहिल्या आणि कवडीमोलाने उपलब्ध झाल्या. त्या स्वस्त जोडणीवरच भारतातील कॉल सेंटर आणि बीपीओ (दुसऱ्या कंपन्यांची कार्यालयीन कामे करून देणाऱ्या कंपन्या) उभे राहिले. अमेरिकेतील कर्मचाऱ्यांचे काम तेव्हा इकडे आले. आज उभारली जाणारी डेटा सेंटर उद्या दिवाळखोरीत निघाली, तरी यंत्रे कोणाच्या तरी हाती स्वस्तात जातील, सेवेचा दर उतरेल आणि आज ज्या लहान कंपनीला एआय परवडत नाही, तिलाही ते परवडू लागेल. शेअर पडल्याचा आनंद मानण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

एआयमुळे काम खरोखर लवकर आणि चांगले होते का?

काम कोणते, करणारा कोण आणि तपासणारा कोण, यावर उत्तर बदलते. अर्थतज्ज्ञ एरिक ब्रिन्योल्फसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्राहक सेवेतील पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या कामाचा अभ्यास केला. एआयची मदत मिळाल्यावर तासाला निकाली निघणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. नवख्यांमध्ये ही वाढ ३४ टक्के होती, तर मुरलेल्या कर्मचाऱ्यांना जवळजवळ काहीच लाभ झाला नाही. याच्या उलट टोकाला एमईटीआर या संस्थेची जुलै २०२५ मधील चाचणी आहे. तीत १६ अनुभवी प्रोग्रामरांना त्यांच्या ओळखीच्याच प्रकल्पांवर काम दिले असता, एआय वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. त्याहून बोलकी गोष्ट अशी की आपले काम सुमारे २० टक्के लवकर झाले, असे त्यांना स्वतःला शेवटपर्यंत वाटत होते. ‘आमच्याकडे एआयने कामाचा वेग दुप्पट झाला’ असे कोणी सांगितले की तो वेग घड्याळाने मोजला की मनाने, हे विचारायला हरकत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये एमआयटीशी संबंधित एका गटाच्या अहवालाने खळबळ उडवली: कंपन्यांच्या ९५ टक्के प्रायोगिक प्रकल्पांतून नफा-तोट्यावर दिसेल असा परिणाम मिळालेला नाही, असे त्यात म्हटले होते. त्या अहवालाचा पाया मर्यादित मुलाखती आणि पाहणीवर असल्यामुळे ९५ हा आकडा तंतोतंत धरू नये. दिशा मात्र पटण्यासारखी आहे. क्लार्ना या स्वीडिश कंपनीने २०२४ मध्ये आपला एआय सहायक ७०० ग्राहक सेवकांइतके काम करतो, असे मोठ्या अभिमानाने सांगितले आणि २०२५ मध्ये ग्राहक सेवेसाठी माणसे पुन्हा घ्यायला सुरुवात केली.

मोठ्या आयटी कंपन्यांतील कपात एआयमुळेच झाली ना?

सगळी नाही, आणि सुरुवातीची तर नाहीच. मार्च २०२४ मध्ये संपलेल्या वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघांची मिळून कर्मचारीसंख्या सुमारे ६४ हजारांनी घटली. करोनाच्या काळात केलेली वारेमाप भरती आणि अमेरिकन ग्राहकांनी आवळलेला हात, ही तेव्हाची मुख्य कारणे होती. त्या वेळचे एआय एवढ्या माणसांचे काम उचलण्याइतके तयारही नव्हते. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, त्यात बहुसंख्य मधल्या व वरच्या फळीतील होते. एआयमुळे उत्पादकता वाढली म्हणून ही कपात नाही, असे कंपनीच्या प्रमुखांनी सांगितले. कंपनीचे म्हणणे सोयीचे असते हे खरे. पण ‘एआयमुळे’ असे म्हणणेही हल्ली व्यवस्थापनांना तितकेच सोयीचे झाले आहे. मागणी घटली म्हणून माणसे काढली, असे सांगितले तर शेअर पडतो. एआय आणले म्हणून काढली, असे सांगितले तर तो कधी कधी चढतो.

नव्या पदवीधरांना नोकरी मिळणे खरोखर कठीण झाले आहे का?

होय, आणि या संपूर्ण पानावर सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मी हाच मानतो.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतील वेतनपटांच्या प्रचंड साठ्यावरून दाखवले की सॉफ्टवेअर लेखन आणि ग्राहक सेवा यांसारख्या, एआयची झळ सर्वाधिक बसू शकेल अशा व्यवसायांत २२ ते २५ वयोगटाचा रोजगार इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घटला. त्याच व्यवसायांतील वयाने मोठ्या कर्मचाऱ्यांचा रोजगार टिकून होता किंवा वाढला होता. हा अभ्यास अमेरिकेचा आहे आणि व्याजदरांसारखी इतर कारणे पूर्णपणे बाजूला काढता येतात का, यावर अर्थतज्ज्ञांत वाद आहे. तरीही त्यामागचे गणित नाशिकच्या मुलामुलींना जसेच्या तसे लागू पडते. पदवी मिळाली की पुण्यात हिंजवडी किंवा खराडीला जायचे, पहिले वर्ष-दीड वर्ष किरकोळ चुका दुरुस्त करणे, चाचण्या लिहिणे, कागदपत्रे तयार करणे अशी कामे करायची आणि ती करता करता शिकायचे, हा येथील घराघरांतला ठरलेला रस्ता होता. नेमकी हीच कामे एआयला बऱ्यापैकी जमतात. वरिष्ठाला आता हाताखाली तीन नवखे लागत नाहीत, एक पुरतो.

यात कोणाला नोटीस मिळत नाही, कोणाचा पगार थांबत नाही आणि म्हणून कोणाची बातमी होत नाही. कॅम्पसला येणारी कंपनी पूर्वी चाळीस मुले घेत असेल आणि आता बारा घेत असेल, तर उरलेल्या अठ्ठावीस जणांना कोणी काढलेले नसते. त्यांना फक्त घेतलेले नसते. नोकऱ्या ‘गेल्या’ किती, याचीच मोजणी करत राहिलो, तर हा परिणाम कधीच दिसणार नाही. पुढचा धोका असा की आज नवखे घेतले नाहीत, तर पाच-सात वर्षांनी एआयचे काम तपासणारे मुरलेले लोक कोठून आणायचे, याचे उत्तर भरती आखडती घेणाऱ्या कंपन्यांकडेही नाही.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काय होईल?

तेथे परिणाम सावकाश होईल आणि वेगळ्या जागी होईल. उदाहरण म्हणून तपासणीचे टेबल घ्या. वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या लहान कारखान्यात सीएनसी या संगणकचालित यंत्रावरून उतरलेला प्रत्येक तुकडा एक मुलगी हातात घेते, गो आणि नो-गो गेज (माप बरोबर आहे का हे दाखवणारी मापके) लावून पाहते, कडेला बर (धातूची उरलेली बारीक धार) राहिली आहे का हे बोटाने चाचपते आणि ट्रेमध्ये टाकते. या जागी कॅमेरा बसवण्याचे प्रस्ताव आता नियमित येतात. कॅमेरा थकत नाही, तिसऱ्या पाळीतही त्याची नजर तीच राहते. परंतु तुकड्यावर कूलंटचा (यंत्रात थंडाव्यासाठी सोडलेल्या द्रवाचा) पातळ थर राहिला, की त्याची चकाकी त्याला ओरखड्यासारखी दिसते आणि चांगला माल रिजेक्शनच्या पेटीत जातो. मग तो पुसून पुन्हा तपासायला माणूस लागतोच. ग्राहक कंपनीने सगळ्या मालाची छायाचित्रांसह नोंद मागितली, तर कॅमेरा बसवावाच लागेल. निव्वळ पगार वाचवण्यासाठी बसवणाऱ्याला सध्याच्या कंत्राटी मजुरीच्या दरात त्याचा खर्च सहज वसूल होत नाही. कंत्राटी मजुरी स्वस्त आहे म्हणून माणसाचे काम टिकून आहे, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे, पण वस्तुस्थिती आहे.

कारखान्याच्या कार्यालयात मात्र बदल आधी पोहोचेल: कोटेशन तयार करणे, ड्रॉइंगवरून प्राथमिक सीएनसी प्रोग्राम लिहिणे, ग्राहकाच्या इंग्रजी मेलला उत्तर देणे. येथे एक सावधगिरीची सूचना. ‘एआय-आधारित’ म्हणून विकायला येणाऱ्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये दहा वर्षांपूर्वीचेच ठरावीक नियम असतात, चिठ्ठी तेवढी नवी चिकटवलेली असते. आपल्याच कारखान्यातील खराब मालावर चाचणी दिल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. आणि डिझेल इंजिनाच्या सुट्या भागांवर उभ्या असलेल्या पुरवठादारांनी एआयपेक्षा विजेवरच्या वाहनांची चिंता आधी करावी, असे मी स्पष्टपणे सांगेन.

कर सल्लागारांच्या कार्यालयांतील आणि टायपिंगच्या नोकऱ्यांचे काय?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अभ्यासांत एआयची सर्वाधिक झळ बसू शकणारा गट म्हणून कारकुनी कामेच पुढे येतात आणि नाशिकमध्ये त्याची खूण आताच दिसते. शरणपूर रस्त्यावरील एखाद्या कर सल्लागाराच्या कार्यालयात महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी) उपलब्ध झाले की २० तारखेच्या ३बी या मासिक विवरणपत्रापर्यंत एकच धांदल असते. बिलाचा फोटो वाचून टॅलीत नोंद करण्याचे काम सॉफ्टवेअर आता बऱ्यापैकी करते आणि पुरवठादाराने बिल क्रमांक ‘१०२/२५-२६’ असा टाकला आणि आपल्याकडे नुसता ‘१०२’ आहे, हेही जुळवून दाखवते. हाताने लिहिलेल्या मराठी बिलातला एक आणि नऊ यांत ते अजून फसते. जुळत नाही तेथे फोन माणसालाच करावा लागतो: “दादा, तुमचं मागच्या महिन्याचं बिल टू-बीत दिसत नाहीये, रिटर्न भरलंय ना?” या फोनला मिळणाऱ्या उत्तरातले खरे-खोटे ओळखणारी व्यक्ती कार्यालयात राहील; केवळ नोंदी करणाऱ्यांची संख्या कमी होईल. तीन जणांच्या जागी दोघांवर भागते, हे अनेक कार्यालयांना कळून चुकले आहे.

सीबीएस या मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या न्यायालय परिसरातील टंकलेखकांची आणि डीटीपी चालकांची गोष्ट याहून कठीण आहे. बोललेले मराठी मोबाइलवर उमटू लागल्यापासून त्यांचे साधे टंकलेखन घटत चालले होते. आता मसुदाही तयार मिळतो. हे लोक स्वयंरोजगारात असल्यामुळे त्यांचे काम गेले, तरी कोणत्याही कपातीच्या आकड्यात ते येणार नाहीत. त्यांना टिकवून ठेवणारी गोष्ट म्हणजे कोणत्या अर्जाला कोणता शिक्का आणि किती कोर्ट फी लागते, याची त्यांची माहिती.

द्राक्षबागांत एआय आले, तर मजूर कमी लागतील का?

नजीकच्या काळात नाही. छाटणी, विरळणी, घड बुडवणे ही कामे हातांची आहेत. एआयचा उपयोग होतो तो हवामानाच्या नोंदींवरून डाऊनी आणि भुरी या रोगांचा धोका आधी सांगून एखाद-दुसरी फवारणी वाचवण्यात. राज्य सरकारने जून २०२५ मध्ये महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली आहे. ही मागणी सरकारी पैशावर उभी आहे. शेतकरी स्वतःच्या खिशातून सेन्सरचे वार्षिक शुल्क पुन्हा भरतो का, यावर तिचे खरेपण ठरेल.

कुंभमेळ्यामुळे नाशिकमध्ये एआयच्या नोकऱ्या येतील का?

तात्पुरत्या येतील. ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण आहे आणि प्रमुख स्नाने ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत; नियंत्रण कक्ष, कॅमेरे, गर्दीची मोजणी, अनेक भाषांतील माहिती सेवा यांची कामे त्याआधी निघतील. परंतु येथे मला नोकऱ्यांपेक्षा वेगळ्या गोष्टीची काळजी वाटते. प्रयागराजच्या कुंभमेळ्यात २०२५ मध्ये सुमारे २,७०० कॅमेरे होते आणि त्यांतील काही एआयने गर्दी मोजत होते, तरीही २९ जानेवारीच्या पहाटे चेंगराचेंगरीत सरकारी आकड्यानुसार ३० भाविक मृत्युमुखी पडले. नाशिकने २००३ मध्ये ३९ जण गमावले आहेत. गर्दी किती झाली हे कॅमेरा सांगेल. अरुंद गल्लीच्या तोंडाशी बॅरिकेड कधी लावायचे आणि कधी उचलायचे, हा निर्णय घेण्याचा अधिकार असलेला पोलीस कर्मचारी तेथे उभा असावा लागतो. एआयच्या नावावर बंदोबस्तातील मनुष्यबळ कमी करण्याचा विचार कोणी मांडल्यास त्याला विरोध व्हायला हवा.

जितक्या नोकऱ्या जातील, तितक्या नव्या येतील, असे म्हणतात. ते खरे आहे का?

जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालात २०३० पर्यंत जगात १७ कोटी नव्या नोकऱ्या निर्माण होतील आणि ९.२ कोटी जातील, असा अंदाज आहे. हा मालकांना विचारून काढलेला अंदाज आहे, शिवाय त्यात एआयखेरीज लोकसंख्या, हवामान, अर्थकारण यांचेही परिणाम धरलेले आहेत, म्हणून एआयची बेरीज-वजाबाकी त्यावरून करता येत नाही.

आपल्याकडचा जुना अनुभव अधिक उपयोगी आहे. १९८३ मध्ये बँकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या संघटनांत यांत्रिकीकरणाचा करार झाला, तेव्हा संगणकाला कर्मचारी संघटनांचा मोठा विरोध होता. पुढची अनेक वर्षे कोणाला काढले गेले नाही. मग २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती योजना आली आणि सरकारी बँकांतून एक लाखाहून अधिक लोक बाहेर पडले. त्याच काळात आयटी आणि खासगी बँकांत नव्या नोकऱ्या भराभर निर्माण होत होत्या, हेही खरेच. पण त्या बाहेर पडलेल्या पन्नाशीच्या रोखपालाला मिळाल्या नाहीत, त्याच्या मुलीला पुण्यात मिळाल्या. देशाच्या हिशेबात ही बेरीज शून्य किंवा त्याहून चांगली येते. घराच्या हिशेबात मधली पाच-सात वर्षे कशी काढायची, हा प्रश्न उरतो.

डेटा सेंटर आल्याने रोजगार वाढेल का?

बांधकाम चालू असेपर्यंत वाढेल. सातपूरमध्ये मुख्यालय असलेली ईएसडीएस ही कंपनी नाशिकमध्ये डेटा सेंटर चालवते, त्यामुळे हा उद्योग आपल्याला नवा नाही. परंतु उभारून झालेले डेटा सेंटर माणसांपेक्षा वीज अधिक वापरते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगाच्या एकूण विजेपैकी सुमारे दीड टक्का वीज डेटा सेंटरांनी वापरली आणि २०३० पर्यंत हा वापर दुपटीहून अधिक होईल.

मुलीने किंवा मुलाने संगणक अभियांत्रिकीला प्रवेश घ्यावा का?

आवड असेल तर अवश्य घ्यावा. ‘एआय अँड डेटा सायन्स’ ही शाखा केवळ नावासाठी निवडू नये. गणित, संख्याशास्त्र आणि मूळ प्रोग्रामिंग पक्के असलेला विद्यार्थी कोणत्याही शाखेतून तेथे पोहोचतो. भाकितांच्या आधारे करिअर ठरवू नये, हेही सांगितले पाहिजे: २०१६ मध्ये जेफ्री हिंटन यांच्यासारख्या एआयमधील दिग्गजाने रेडिओलॉजिस्ट (एक्स-रे, स्कॅन वाचणारे डॉक्टर) घडवणे आताच थांबवावे, असे म्हटले होते आणि आजही त्यांची टंचाईच आहे. नवख्यांसाठीचे दार अरुंद झाले असल्यामुळे शिकत असतानाच एखाद्या खऱ्या कामाचा अनुभव मिळवणे पूर्वीपेक्षा गरजेचे आहे. अंबडमधल्या कारखान्याच्या भांडाराचा जमाखर्च नीट लावून देणारा छोटा प्रोग्राम आणि त्याबद्दल मालकाचे पत्र, हे कॉलेज रोडवरच्या ‘शंभर टक्के प्लेसमेंट’च्या प्रमाणपत्रापेक्षा मुलाखतीत अधिक बोलते. तो वर्ग लावायचाच असेल, तर फी भरण्याआधी प्लेसमेंट मिळालेल्या किमान दोघांशी स्वतः बोलावे.

एआयमुळे काम उरले नाही, असे सांगून कमी केले, तर कायद्याचा आधार आहे का?

काही प्रमाणात आहे. यंत्रसामग्रीत किंवा कामाच्या तंत्रात, ज्यामुळे कामगार कपात होण्याचा संभव आहे असा बदल करण्यापूर्वी २१ दिवसांची नोटीस देण्याची तरतूद औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कपातीपूर्वी एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी वेतन, तसेच सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागते. कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी मात्र ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांनाच लागते. ही मर्यादा पूर्वी १०० होती. अंबडमधील बहुतेक लघुउद्योग त्यामुळे परवानगीच्या कक्षेबाहेर आहेत. व्यवस्थापकीय पदावरील व्यक्ती आणि महिना १८ हजार रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाहीत, म्हणून केवळ पदनाम ‘टीम लीडर’ असलेल्या, पण प्रत्यक्षात स्वतःच काम करणाऱ्या कर्मचाऱ्याने आपल्या कामाचे स्वरूप दाखवता येईल अशी कागदपत्रे जपून ठेवावीत. आयटी आणि बीपीओमध्ये बहुधा कपातीची नोटीस दिली जात नाही, राजीनामा मागितला जातो. त्यावर सही केल्यास कपातीची भरपाई मागण्याचा आधार जवळजवळ संपतो. सही करण्याआधी कारण लेखी मागावे, कामगार कायद्याच्या जाणकार वकिलाला विचारावे आणि नेमणूकपत्र, वेतनपावत्या व हजेरीच्या नोंदी यांच्या प्रती कार्यालयाच्या संगणकावर न ठेवता घरी ठेवाव्यात, कारण लॅपटॉप परत घेतला जातो त्याच दिवशी मेलचा पासवर्डही बंद होतो.